सल्लागार समितीचं प्रोसिडिंग बुक: बाजारात काय मिळतं आणि त्यात काय नसतं

समितीच्या बैठकांचं कामकाज लिहायच्या वहीला प्रोसिडिंग बुक म्हणतात. तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात ‘प्रोसिडिंग बुक द्या’ म्हटलं की तीन प्रकारचा माल काउंटरवर येतो. पहिलं म्हणजे साधं रेघांचं फुलस्केप रजिस्टर, दोन किंवा तीन क्वायरचं (एक क्वायर म्हणजे साधारण ९६ पानं). दुसरं छापील ठराव बुक. त्यात तारीख, विषय, सूचक, अनुमोदक असे रकाने तयार असतात. तिसरा माल दुकानदार स्वतःच बनवून देतो: कॉम्प्युटरवर नमुना टाइप करायचा, झेरॉक्स मारायच्या आणि स्पायरल लावून वही हातात द्यायची. तालुका शेतकरी सल्ला समिती, रुग्ण कल्याण समिती, रेशनची दक्षता समिती, शाळा व्यवस्थापन समिती, बहुतेकांचं कामकाज यांपैकीच कशात तरी लिहिलं जातं. तिन्ही वह्यांची पारख इथं एकाच कसोटीवर केली आहे. सदस्यांनी समितीत जसं वागायला हवं, तसं ते वागले की नाही, हे ही वही दाखवते की झाकते?

ही कसोटी लावण्याला कारण आहे. समितीचा सदस्य सचिव बहुधा शासकीय कर्मचारी असतो आणि त्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात. ग्रामपंचायत सदस्यानं पंचायतीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा ठेवला तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली त्याचं सदस्यपद जाऊ शकतं. सल्लागार समितीवरच्या अशासकीय सदस्याच्या हातात मात्र बहुतेक वेळा एक पानी नियुक्ती आदेश असतो. कास्तकार, बचत गटाची अध्यक्ष, माजी सरपंच, पत्रकार अशी ही मंडळी. ‘आपण तर फक्त सल्ला देतो, पैसे थोडेच वाटतो’ असं म्हणून वागणुकीचा विषय तिथंच सोडून दिला जातो. पण प्रात्यक्षिकाचा प्लॉट कोणाच्या वावरात पडणार, फवारणी पंपाच्या यादीत कोणाचं नाव वर जाणार, कोणत्या रेशन दुकानाची तक्रार तहसीलपर्यंत पोचणार, हे त्या सल्ल्यावरच ठरतं. ब्रिटनमध्ये लॉर्ड नोलन यांच्या समितीनं १९९५ मध्ये सार्वजनिक पदासाठी सात तत्त्वं मांडली: निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. निवडून आलेल्यांइतकीच ती नेमलेल्या सदस्यांनाही लागू आहेत. तत्त्वं उत्तमच आहेत, पण भिंतीवर फ्रेम करून लावली की तिथंच राहतात. ती वहीच्या रकान्यात उतरली पाहिजेत.

आधी स्पायरलच्या वहीबद्दल, कारण तिचा निकाल लगेच लागतो. घेऊ नका. तार फिरवली की पान निघतं आणि दुसरं पान तितक्याच सहज आत जातं. पानांवर क्रमांक असले तरी ते त्याच प्रिंटरवरून पुन्हा काढता येतात. त्यात झेरॉक्सची शाई पानाला पान चिकटून पुसट होते, पावसाळ्यात जास्तच. नमुना कितीही चांगला बनवला असला तरी ज्या वहीचं पान बदलता येतं, तिच्यातल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवायचा?

छापील ठराव बुक दिसायला सगळ्यांत अधिकृत. रकाने आखलेले, वर ‘सभा क्रमांक, दिनांक, स्थळ, अध्यक्षस्थानी’ छापलेलं. नवीन सचिवाला याचा फायदा होतो, काही विसरत नाही. पण पुष्कळशा छापील नमुन्यांत प्रत्येक ठरावाखाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हे शब्दही आधीच छापलेले असतात. एवढ्या एका ओळीनं अख्खी वही बिघडते. विरोधात बोललेल्या सदस्याचं मत लिहायला जागाच उरत नाही, आणि जागा नाही म्हणून सचिव ते लिहीत नाही. पुढं प्रकरण अंगाशी आलं की ज्यानं विरोध केला होता तोही ‘सर्वानुमते’च्या यादीत असतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, हे महाराष्ट्रभर माहीत आहे. तिथली सहमती मात्र चर्चेतून, अभ्यास गटातून येते. एखाद्याचं समाधान झालं नाही तर विषय पुन्हा पुढच्या बैठकीत येतो. छापखान्यातून आलेल्या सर्वानुमताला ती सर येत नाही. असं बुक आधीच घेऊन झालं असेल तर प्रत्येक ठरावाच्या वेळी ते शब्द एका रेघेनं कापा, बाजूला अध्यक्ष आणि सचिव दोघांची लघुस्वाक्षरी घ्या, आणि बाजूनं किती, विरुद्ध किती, तटस्थ किती हे हातानं लिहा.

या छापील बुकात दुसरी उणीव अशी की हितसंबंधाचा रकाना नसतो. वही सदस्याच्या वागणुकीला खरी उपयोगी पडते ती इथंच, म्हणून यावर जरा थांबू.

समजा तालुका शेतकरी सल्ला समितीची बैठक आहे. वीस-पंचवीस शेतकरी सदस्य, विषय क्रमांक चार: कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांची (गंधानं नर पतंग ओढून पकडणाऱ्या सापळ्यांची) प्रात्यक्षिकं कोणत्या गावांत घ्यायची. सगळेच पऱ्हाटी पेरणारे. मग सगळ्यांचाच हितसंबंध झाला का? नाही. जो फायदा तालुक्यातल्या प्रत्येक कास्तकाराला सारखाच मिळणार आहे, तो जाहीर करण्याची गरज नाही. पण एका सदस्याचं कृषी केंद्र आहे आणि सापळे तिथून घ्यायची शक्यता आहे. दुसऱ्याच्या साळ्याचं वावर प्रात्यक्षिकासाठी सुचवलं आहे. तिसरा ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक आहे तिचंच कोटेशन पुढ्यात आहे. या तिघांनी विषय पुकारला जाण्याआधी ते स्वतःहून सांगायला हवं. लहान गावात सगळेच एकमेकांचे सोयरे, अशी सबब हमखास येते. म्हणून नात्याची हद्द समितीनं पहिल्याच बैठकीत ठरवून वहीच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवावी: नवरा-बायको, मुलं, सुना-जावई, आईवडील, भाऊबहीण, सासर-माहेरचे तेवढेच जवळचे, व्याही, धंद्यातला भागीदार, आणि ज्याच्याशी उसनवारीचा किंवा बटाईचा व्यवहार चालू आहे तो. त्यापलीकडच्या भावकीसाठी कसोटी एकच: या निर्णयानं त्याला असा पैसा किंवा लाभ मिळतो का, जो बाकीच्यांना मिळणार नाही?

जाहीर केल्यावर काय करायचं, यात चूक होते. ‘माझा संबंध आहे, पण मी काही बोलणार नाही’ म्हणून सदस्य खुर्चीवरच बसून राहतो. तो समोर बसला असताना बाकीचे मोकळेपणानं बोलत नाहीत. त्यानं खोलीबाहेर जायला हवं, आणि बाहेर गेल्याची व परत आल्याची वेळ वहीत यायला हवी. वेळ लिहिली की गणपूर्तीचा, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीचा (कोरमचा) प्रश्नही तिथंच उघडा पडतो. बाहेर गेलेला सदस्य गणपूर्तीत धरायचा की नाही, हे समितीच्या नियमांत सांगितलेलं नसेल तर तेही दुसऱ्या पानावर आधीच लिहून ठेवा. धरायचा नाही असं ठरलं आणि संख्या कमी पडली, तर तो विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा. ऐन वेळी सोयीनं अर्थ लावला की भांडण ठरलेलं.

साध्या रेघांच्या रजिस्टरमध्येही असा रकाना नसतो. पण ते कोरं असतं, आणि म्हणूनच आमची पसंती त्याला आहे, दोन रबरी शिक्क्यांच्या जोडीनं. तालुक्याला शिक्के बनवणारा असतोच. त्याच्याकडून रेघेच्या रुंदीत मावतील असे दोन शिक्के करून घ्या. पहिला हजेरीच्या खाली मारायचा: ‘विषय क्र., सदस्याचं नाव, नातं किंवा व्यवहार, बाहेर वेळ, आत वेळ, सही’. दुसरा प्रत्येक ठरावाखाली: ‘बाजूनं, विरुद्ध, तटस्थ, वेगळं मत, जबाबदारी कोणाची, मुदत’. कोणाचाच हितसंबंध नसला तरी पहिला शिक्का मारायचाच आणि त्यात ‘निरंक’ लिहायचं. शिक्का दिसला की अध्यक्षाला प्रत्येक बैठकीत विचारावंच लागतं, आणि विचारणं नेहमीचं झालं की सांगणाऱ्यालाही अवघड वाटत नाही. एखाद्याकडं बोट दाखवल्यासारखं होत नाही, हा यातला मोठा लाभ. स्टॅम्प पॅडची जांभळी शाई उन्हानं उडते आणि पाण्यानं पसरते, म्हणून वही खिडकीशी ठेवू नका.

रजिस्टर घेताना शिलाई पहा. मधोमध उघडून दोरा दिसतो का ते बघा. दोऱ्यानं शिवलेल्या वहीतून एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं पान सैल होतं आणि चोरी लक्षात येते. नुसत्या डिंकानं चिकटवलेल्या वहीतून पान अलगद निघतं. पाठीला कापडी पट्टी असावी. कागद एवढा जाड हवा की बॉलपेनची अक्षरं मागच्या पानावर उमटू नयेत. पातळ कागदाच्या वहीत लोक एकाच बाजूला लिहितात, मागची बाजू कोरी राहते, आणि कोरी बाजू म्हणजे नंतर काही घुसवायला मोकळी जागा. जेल पेन नको, ओल्या हातानंसुद्धा फराटा उठतो. दोन क्वायर म्हणजे साधारण १९२ पानं, तीन क्वायर म्हणजे २८८. वीस-पंचवीस जणांची समिती तीन महिन्यांनी बसत असेल तर एका बैठकीला हजेरीसकट सहा-सात पानं लागतात, म्हणजे वर्षाला अठ्ठावीसच्या आसपास. शाळा व्यवस्थापन समिती दर महिन्याला बसते, तिथं बैठकीला चार पानं धरली तरी वर्षाला अठ्ठेचाळीस होतात. दोन क्वायरचं रजिस्टर दोघींनाही पुरून उरतं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद ही सल्लागार परिषद आहे आणि तिच्या वर्षाला किमान दोन बैठका व्हायलाच हव्यात. अशा संस्थेला एक क्वायरही पुष्कळ. तीन क्वायरचं जाडजूड रजिस्टर घेऊ नये. ते जड होतं, पाठ मोडते, आणि अर्ध्यावर मधली पानं सुटायला लागतात.

वही आणल्यावर पहिली ओळ लिहिण्याआधी सगळ्या पानांना क्रमांक घाला. नंबरिंग मशीन नसेल तर हातानं, पण शाईनं. पहिल्या पानावर ‘या नोंदवहीत १ ते १९२ पानं आहेत’ असा दाखला लिहून अध्यक्ष आणि सदस्य सचिवाच्या सह्या, तारीख आणि कार्यालयाचा शिक्का घ्या. दुकानात छापील क्रमांकाची वही मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तीच घ्यावी.

आता सह्यांचं पान. सल्लागार समित्यांत सर्वांत जास्त बिघाड इथंच होतो, आणि चांगल्यात चांगली वहीही तो थांबवू शकत नाही. फार तर दाखवून देते. बैठक संपते, एसटीची वेळ झालेली असते, कोणाला वावरात ओलीत करायला जायचं असतं. सचिव वही पुढं सरकवतो: ‘सह्या करून ठेवा न भाऊ, मजकूर मंग लिहून घेऊ.’ पान कोरं, खाली वीस सह्या. आठवड्यानं मजकूर भरला जातो आणि त्यात कधी न चर्चिलेला विषयही येतो. असं पान ओळखता येतं. वरच्या अर्ध्यात अक्षर ऐसपैस असतं, खाली सह्या जवळ यायला लागल्या की बारीक होत जातं, शेवटच्या दोन ओळी रेघ सोडून दाटीनं बसवलेल्या असतात. किंवा उलट, मजकूर लवकर संपतो आणि सह्यांच्या वर चार-पाच रेघा रिकाम्या राहतात. सदस्यानं पाळायचा नियम साधा आहे. हजेरीची सही हजेरीच्या पानावर, बैठक सुरू होताना. तिचा ठरावाशी संबंध नाही. ठरावाच्या मजकुराखाली सही अध्यक्षाची आणि सचिवाची, मजकूर वाचून झाल्यावर. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून ते कायम करायचं, आणि दुरुस्ती असेल तर ती नव्या पानावर लिहायची, जुन्या ओळीत नाही. व्हाइटनर लावायचं नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ, बाजूला लघुस्वाक्षरी. बैठक संपल्याची वेळ लिहून उरलेल्या रिकाम्या जागेवर तिरपी रेघ ओढून ती बंद करायची.

कॉम्प्युटरवर टाइप केलेलं इतिवृत्त वहीत चिकटवण्याची पद्धत आता सगळीकडं आहे. सोयीची आहे, वाचायला बरी आहे. पण चिकटवलेल्या कागदाच्या चारही कडांवर सही अशी हवी की अर्धी कागदावर आणि अर्धी वहीच्या पानावर येईल. कागद उपटला की सही तुटते. खळ किंवा पिठाची चिकी वापरू नका. तिच्या वासानं कसर आणि झुरळं येतात. ज्या समितीत वाद जास्त आहेत तिनं हातानंच लिहावं.

महिला सदस्यांच्या बाबतीत हजेरीचं पान जसं लिहिलं जातं, तसं बाकी सगळं ठरतं. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं. प्रत्यक्षात वही घरी जाते, ताईंची सही येते, खुर्चीवर नवरा बसलेला असतो. नवऱ्यानं बसणं, सदस्यानं ते चालवून घेणं आणि सचिवानं वही घरी पाठवणं, तिन्ही वागणुकीचे भंग आहेत. त्यावर उपाय असा की हजेरीच्या रकान्यात आल्याची वेळ लिहायची आणि वही बैठकीच्या खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही. अंगठा असेल तर शेजारी पूर्ण नाव आणि ओळखणाऱ्या दुसऱ्या सदस्याची सही. रोजीवर जाणाऱ्या बाईला अकराची बैठक परवडत नाही. म्हणून ‘बैठकीची वेळ बदलावी’ ही तिची मागणीही ठराव म्हणून वहीत यायला हवी.

काही वागणूक अशी असते की ती कोणत्याच रकान्यात बसत नाही, तिच्यासाठी दुसऱ्या पानावरचा लिखित नियमच लागतो. सल्लागार सदस्याला कर्मचाऱ्याला हुकूम देण्याचा अधिकार नाही. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यानं औषधाच्या खोलीत शिरून साठा रजिस्टर स्वतः उलटायचं नाही. काय दिसलं ते अध्यक्षांना लिहून द्यायचं, तेही रुग्णाचं नाव आणि आजार गावभर न करता. लाभार्थ्यांची कच्ची यादी मंजुरीआधी व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. रेशन दुकान पाहायला एकट्यानं जाऊ नये, निदान दोघांनी जावं, आणि तिथून एक किलो साखरही घेऊन येऊ नये. चहा चालेल. पुरवठादारानं देऊ केलेली बॅग, जेवण, गाडीभाडं नाही. गाडीच्या काचेवर ‘सदस्य, अमुक समिती’ अशी पट्टी लावून टोल नाक्यावर किंवा ठाण्यात वजन टाकणं म्हणजे सरळ पदाचा गैरवापर. पत्रकारांशी बोलायला कोणालाच बंदी नसावी, पण ‘हे माझं मत, समितीचं नाही’ एवढं सांगून मगच.

दक्षता समितीच्या वहीत आणखी एक रकाना हवा: जावक क्रमांक. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम २९ प्रमाणे राज्य, जिल्हा, तालुका आणि रास्त भाव दुकान अशा चारही पातळ्यांवर या समित्या आहेत, आणि गैरप्रकार दिसला तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवणं हे त्यांचं काम आहे. ‘तोंडी सांगितलं होतं’ याला किंमत नाही. पत्र गेल्याचा जावक क्रमांक आणि तारीख ठरावासमोर नसेल, तर सदस्यानं पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारावा.

वही कुलपात ठेवायची असली तरी ती लपवायची वस्तू नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे सल्ल्यासाठी नेमलेल्या मंडळांची, समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचं असतं. नाही केलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज आणि पानामागं दोन रुपये, एवढ्यात नक्कल मागता येते. म्हणून वही अशी लिहावी की दुसऱ्या दिवशी कोणी नक्कल मागितली तरी सचिवाला पान उलटून पाहायची गरज पडू नये. कोणाच्या आजाराची, जातीच्या दाखल्याच्या वादाची नोंद असेल तर ठरावात अर्जाचा क्रमांक लिहा, नाव आणि तपशील वेगळ्या फाइलला.

खर्चाचं बघायचं तर साधं दोन क्वायरचं शिवलेलं रजिस्टर आणि दोन शिक्के मिळून छापील ठराव बुकापेक्षा थोडे जास्त पैसे लागतील. पण शिक्के पुढच्या वहीलाही चालतात. तालुक्यातल्या चार-पाच समित्या एकत्र आल्या तर लग्नपत्रिका आणि बिल बुकं छापणाऱ्या प्रेसवाल्याकडून हेच रकाने असलेली, क्रमांक घातलेली वही छापून घेता येते. एकट्या वहीसाठी प्लेट करणं त्याला परवडत नाही, आणि उन्हाळ्यात लग्नसराईत तो हातही लावत नाही. दिवाळीनंतर काम द्या. नमुना देताना प्रूफ स्वतः वाचा आणि ‘सर्वानुमते मंजूर’ ही ओळ त्यानं जुन्या नमुन्यातून उचलून टाकलेली नाही, हे आधी बघा.